अकरा वर्षांनी पुन्हा फिरलेली इंजिनं, आणि तापीवर वाफेची नौका चालवायची तर

भुसावळच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात जर्मनांनी आपल्याच हाताने बुडवलेली वाफेची युद्धनौका इंग्रजांनी वर काढून त्याच इंजिनांवर चालवली, हे खरं आहे का? इतकी वर्षं पाण्याखाली राहून इंजिन शाबूत कसं राहिलं? आणि आमच्याकडे वाफेच्या इंजिनांवर हात बसलेले रेल्वेचे निवृत्त फिटर आहेत, साखर कारखान्यातले बॉयलर अटेंडंट आहेत. नौदलाची एखादी जुनी वाफेची लाँच हाती आली, तर ती दुरुस्त करून तापीच्या धरणात चालवता येईल का?

गोष्ट खरी आहे. जहाजाचं मूळ नाव ‘ग्राफ फॉन ग्योट्झेन’. १९१३ साली जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या मायर गोदीत ते बांधलं गेलं. लांबी सुमारे ७१ मीटर, रुंदी १० मीटर. एकदा पूर्ण जोडून पाहिलं, मग सुटं केलं आणि सुमारे ५,००० पेट्यांत भरून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दार-ए-सलामला उतरवलं. तिथून सुमारे १,२५० किलोमीटर रेल्वेने सरोवराकाठच्या किगोमाला नेलं. समुद्रापासून इतक्या आत हे जहाज रिव्हेट मारून पुन्हा उभं राहिलं आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये पाण्यात सोडलं गेलं. मूळ काम प्रवासी आणि माल वाहण्याचं, पण पहिलं महायुद्ध पेटलेलं असल्यामुळे त्यावर ‘क्योनिग्सबेर्ग’ या क्रूझरवरची १०.५ सेंटिमीटरची तोफ चढली. जुलै १९१६ मध्ये माघार घ्यायची वेळ आली तेव्हा गोदीकडून आलेल्या तिघा कारागिरांनी जहाज उडवून दिलं नाही. इंजिनांच्या प्रत्येक भागावर ग्रीसचा जाड थर चढवला, जहाजात वाळू भरली आणि २६ जुलैला ते शांतपणे तळाला बसवलं. पुढे बेल्जियनांनी ते वर काढलं, पण १९२० च्या वादळात ते पुन्हा बुडालं. मार्च १९२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या पथकाने ते उचललं. तपासणीत बॉयलर आणि इंजिनं वापरण्याजोगी निघाली, आणि मे १९२७ मध्ये ‘लिएम्बा’ या नावाने जहाज कामाला लागलं. १९७० च्या दशकात डिझेल इंजिन बसेपर्यंत ते वाफेवरच चालत होतं.

यात चमत्कार नाही, तीन साधी कारणं आहेत. पहिलं ग्रीस. घासून गुळगुळीत केलेल्या पोलादाला पाणी आणि प्राणवायू एकाच वेळी लागले की गंज धरतो. थर अखंड असेल तर दोन्ही अडतात. दुसरं, सरोवराचं पाणी गोडं. खाऱ्या पाण्यात पितळी बुश आणि लोखंडी शाफ्ट शेजारी असले की विजेच्या सेलसारखी क्रिया सुरू होते आणि लोखंड खाल्लं जातं. गोड्या पाण्यात ती फार मंद चालते. तिसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. लोखंड सतत पाण्यात असणं तितकं वाईट नाही, जितकं एक दिवस ओलं आणि एक दिवस कोरडं होणं वाईट. चौकात शोभेला ठेवलेलं वाफेचं इंजिन दहा पावसाळ्यांत जितकं खराब होतं, तितकं नीट ग्रीस करून बुडवलेलं इंजिन होत नाही. चिमणीतून शिरलेलं पावसाचं पाणी राखेत मिसळतं, राखेतलं गंधक आम्ल तयार करतं, आणि बॉयलरची ट्यूबप्लेट, म्हणजे नळ्यांची टोकं जिच्यात बसवतात ती जाड प्लेट, खालून पोखरली जाते. जुनी नौका बघायला जाल तेव्हा आधी विचारा: चिमणीवर झाकण होतं का, आणि शेवटच्या फेरीनंतर राख काढली होती का? या दोन उत्तरांवरून बॉयलरचं अर्धं भविष्य कळतं.

मुंबईची आठवण इथे काढायलाच हवी, कारण वाफेच्या आरमाराच्या इतिहासात ती फार आधी येते. मुंबईच्या गोदीत जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली ४११ टनांची ‘ह्यू लिंडसे’ १८२९ मध्ये पाण्यात उतरली आणि २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं, बाजूला पाणचाकं. कोळशाची कोठारं साडेपाच दिवसांपुरती आणि एडनपर्यंतचा प्रवास अकरा दिवसांचा. त्यामुळे कोळसा डेकवर आणि खोल्यांतही भरला होता. त्या काळच्या बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी घालत. मिठाचा थर साचू नये म्हणून ठरावीक वेळाने गरम पाणी बाहेर सोडावं लागे आणि त्याबरोबर उष्णताही वाया जाई. पुढे सरफेस कंडेन्सर आला, वापरलेल्या वाफेचं पुन्हा गोडं पाणी करून तेच बॉयलरला देता येऊ लागलं, तेव्हा कुठे दाब वाढवता आला. मग एकच वाफ तीन सिलिंडरमध्ये क्रमाने पसरवणारं ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन १८८० च्या दशकात रुळलं, आणि १९०६ च्या ‘ड्रेडनॉट’ या ब्रिटिश युद्धनौकेपासून मोठ्या युद्धनौकांत टर्बाइन आलं. आपल्या नौदलाची विमानवाहू ‘विक्रमादित्य’ आजही बॉयलर आणि वाफेच्या टर्बाइनवर चालते.

कंडेन्सरवर थोडं थांबू, कारण लोको शेडचा अनुभव नेमका इथे दगा देऊ शकतो. रेल्वेचं इंजिन वापरलेली वाफ धुराड्यातून सोडून देतं आणि दर वेळी नवं पाणी घेतं. सिलिंडरमध्ये घातलेलं तेल वाफेबरोबर आकाशात जातं. नौकेत तसं होत नाही. सिलिंडरचं तेल वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये, तिथून हॉटवेलमध्ये (थंड झालेल्या वाफेचं पाणी साठवणाऱ्या टाकीत) आणि तिथून थेट बॉयलरमध्ये पोचतं. भट्टीच्या माथ्यावर तेलाचा कागदाइतका पातळ थर बसला तरी पाणी पत्र्याला नीट टेकत नाही, पत्रा लाल होतो आणि वाफेच्या दाबाने खाली फुगतो. जुन्या जहाजांच्या भट्ट्या अशा बसल्या आहेत, आणि तेव्हा बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी पुरेसं दिसत होतं. म्हणून दोन गोष्टी. लोकोच्या सवयीने सिलिंडरला सढळ तेल देऊ नका. सुरुवातीला आणि बंद करताना थोडं, चालताना थेंबाथेंबाने पुरतं, कारण ओली वाफ स्वतःच बऱ्यापैकी वंगण देते. आणि हॉटवेलमध्ये गाळणी हवीच. लहान लाँचवर यासाठी वाळलेल्या गिलक्याची जाळी वापरण्याची जुनी रीत आहे. ती तेल छान धरते. आपल्याकडे तर ती परसात लागते. बिया झटकून काढा, दोन-तीन कप्प्यांत दाबून भरा, खालून टॉवेलच्या कापडाचा एक थर द्या, आणि पाण्यावर तवंग दिसू लागला की जाळ्या बदला. वापरलेली धुऊन पुन्हा घालू नका.

आता नौका हाती आल्यावरचा क्रम. पहिला निर्णय कागदावर घ्यायचा: ती चालवायची आहे की दाखवायची? इंग्लंडची १८६० ची युद्धनौका ‘वॉरियर’ पेम्ब्रोकला तेलाच्या जहाजांचा धक्का म्हणून पन्नासेक वर्षं वापरली गेली, म्हणून तिचा लोखंडी सांगाडा वाचला. हार्टलपूलला १९७९ ते १९८७ अशी दुरुस्ती झाली. तिचं इंजिन आणि बॉयलर मात्र केव्हाच गेले होते. आज तिथे आहेत त्या प्रतिकृती. हाही प्रामाणिक मार्ग आहे. उलट पोर्ट्समथची १९११ ची ५० फुटी स्टीम पिनेस, म्हणजे नौदलाची लहान वाफेची होडी, खरोखर वाफेवर चालण्यासाठी जपली गेली. दोन्हींचा खर्च, माणसं आणि परवानग्या सगळंच वेगळं. अर्धं काम झाल्यावर निर्णय बदलला की पैसा तिथेच संपतो. तुमच्याकडे माणसं आहेत ती चालवण्याच्या कामाची आहेत, म्हणून लहान लाँच असेल तर चालवण्याचाच विचार करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सांगाड्याची तपासणी इंजिनाच्या आधी. अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने प्रत्येक प्लेटवर ३०० मि.मी.च्या चौकटीत रीडिंग घ्या. पाण्याच्या रेषेजवळच्या हातभर पट्ट्यात आणि बॉयलरच्या खाली ती चौकट १५० मि.मी.ची ठेवा. गंज नेमका तिथेच असतो. मूळ जाडीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त झीज असेल तर प्लेट बदलायची. सपाट दिसणाऱ्या पत्र्याला भुलू नका आणि एकाच आकड्यावर विश्वास ठेवू नका. एकोणिसाव्या शतकातलं लोखंड पापुद्र्यापापुद्र्याचं असतं, मध्ये धातुमळीच्या रेषा असतात. मापकाचा ध्वनी पहिल्याच पापुद्र्यावरून परततो आणि १० मि.मी.चा पत्रा ४ मि.मी. दाखवतो. शंका आली तर भोक पाडून कॅलिपरने मोजा. लोखंड आहे की पोलाद, हे ग्राइंडरच्या ठिणगीवर कळतं. जुन्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, तांबूस आणि कमी फुटणाऱ्या. पोलादाच्या पांढऱ्या आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या.

रिव्हेट तपासायला मापक लागत नाही. रिव्हेटच्या डोक्याच्या एका कडेला तर्जनी अशी टेकवा की बोटाचा अर्धा भाग डोक्यावर आणि अर्धा पत्र्यावर येईल. दुसऱ्या कडेने अर्धा किलोच्या हातोडीने हलका टोला द्या. घट्ट रिव्हेट आणि पत्रा एकच वस्तू असल्यासारखा आवाज येतो आणि बोटाला काही जाणवत नाही. सैल रिव्हेट बोटाखाली बारीक थरथरतो, आणि डोक्याभोवती तांबड्या गंजाची कडी दिसते. प्रत्येक सैल रिव्हेटला खडूने फुली मारा आणि सगळ्या फुल्या नकाशावर उतरवा. दोन-चार विखुरलेले सैल रिव्हेट चालतात. ओळीने पाच-सहा सैल असतील तर त्या जोडाची प्लेट आतून फुगली आहे, नुसते रिव्हेट बदलून भागणार नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खराब प्लेटवर वरून दुसरी प्लेट डकवणं. स्वस्त वाटतं, पण दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते आणि जुनी प्लेट आतून संपते, ती पुन्हा कुणाला दिसतही नाही. खराब तुकडा कापून नवा बसवा. वेल्डिंग रिव्हेटच्या ओळीपासून किमान दीडशे मि.मी. दूर, लहान लहान टप्प्यांत, आलटून पालटून. एका दमात लांब वेल्ड ओढला की पत्रा आकसतो आणि शेजारचे चांगले रिव्हेट सैल होतात. इलेक्ट्रोड कमी हायड्रोजनचे, ओव्हनमध्ये तापवून कोरडे केलेले. पावसाळ्यात उघड्या डब्यातला इलेक्ट्रोड वापरला तर जुन्या पोलादात दोन दिवसांनी केसासारखी चीर दिसते.

जुना रंग शिशाचा असतो. टॉर्चने जाळून काढायचा नाही, ती वाफ श्वासात जाते. बॉयलर आणि पाइपांवरचा पांढरा, भुसभुशीत लेप ॲस्बेस्टॉसचा असतो असं धरूनच चाला. तो घरच्या माणसांनी खरवडायचा नाही. हे काम परवाना असलेल्या पथकाला द्या आणि ते होईपर्यंत इंजिनखोलीत कुणाला सोडू नका.

खानदेशात रंगकामाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात दुपारी पत्र्यावर हात टिकत नाही. प्रायमर वरून वाळतो, खाली द्रावक अडकतो आणि महिनाभरात फोड येतात. पावसाळ्यात पत्र्यावर न दिसणारं दव असतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं, हा नियम पाळा.

इंजिन उघडताना घाई केली की नुकसान ठरलेलं. अडकलेलं इंजिन जॅकने किंवा चेनपुलीने फिरवायचं नाही. पिस्टन ज्या जागी थांबला होता तिथे सिलिंडरला गंजाची गोल कडी पडलेली असते. जबरदस्तीने सरकवलं तर रिंग तुटते आणि सिलिंडरला वरपासून खालपर्यंत ओरखडा पडतो. इंडिकेटर कॉकमधून (सिलिंडरचा दाब मोजायच्या लहान तोटीतून) अर्धं डिझेल, अर्धं पातळ वंगणतेल सोडा. पिस्टनच्या दोन्ही बाजूंना. दर चार दिवसांनी भर घाला. तीन-चार आठवडे थांबा. मग बारिंग गिअरने, म्हणजे इंजिन हाताने हळू फिरवायच्या गिअरने, तो नसेल तर फ्लायव्हीलवर लांब पहारीने, दोन अंश पुढे आणि दोन अंश मागे. हललं की पुन्हा तेल, पुन्हा थांबा. सगळ्यात जास्त त्रास लो प्रेशर सिलिंडर देतो, ज्यात वाफ सगळ्यात शेवटी येते. तो कंडेन्सरला जोडलेला असल्यामुळे कायम दमट राहतो. पहिलं झाकण त्याचंच उघडा.

बेअरिंगचं व्हाइट मेटल (आतला मऊ मिश्रधातूचा थर) झडलं असेल तर पुन्हा ओतावं लागतं: कथील ८५ टक्क्यांच्या वर, बाकी अँटिमनी आणि तांबं. बेअरिंगचं शेल, म्हणजे बाहेरचं कवच, आधी स्वच्छ करून कल्हई द्यायची, गरम ठेवायचं, आणि एकाच ओतात भरायचं. दोनदा ओतलं की मध्ये सांधा राहतो आणि तिथेच तुकडा सुटतो. बसवल्यावर फट शिशाच्या तारेने मोजा. जर्नलवर, म्हणजे शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, तीन ठिकाणी तार ठेवून कॅप पूर्ण आवळा, उघडा, चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजा. शाफ्टच्या दर १०० मि.मी. व्यासाला ०.१ मि.मी. फट हा चांगला अंदाज. ०.०५ ठेवली तर बेअरिंग तापेल, ०.२५ ठेवली तर ठोके ऐकू येतील. शेड आणि कारखान्यातल्या फिटरना हे सांगावं लागणार नाही. निळा रंग लावून उंचवटे शोधणारे आणि ते स्क्रेपरने खरवडणारे हात आता दुर्मिळ झालेत, म्हणून शेजारी दोन तरुण बसवाच.

कंडेन्सरच्या पितळी नळ्या बघताना रंग बघा. पिवळ्यात गुलाबी डाग दिसले तर त्या जागी जस्त निघून गेलं आहे, उरलंय ते सच्छिद्र तांबं. बोटाने दाबलं तरी फुटतं. वाफेच्या बाजूला पाणी भरा, झाकणं काढून नळ्यांची टोकं कोरडी पुसा आणि रात्रभर ठेवा. सकाळी जिथे थेंब, ती नळी बदलायची.

बॉयलरची हायड्रॉलिक चाचणी फक्त पाण्याने, हवेने कधीच नाही. पहिली चाचणी साधारण कामाच्या दाबाच्या दीडपट. कायद्याची एक गोष्ट आधीच समजून घ्या. नौकेवर बसलेला बॉयलर बॉयलर कायद्याच्या कक्षेबाहेर असतो. नौकेची तपासणी आणि नोंदणी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खाली होते आणि राज्यात ते काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. पण तोच बॉयलर काढून वर्कशॉपमध्ये पेटवून बघितलात, तर राज्याच्या बाष्पके संचालनालयाची परवानगी लागते. हतनूरसारख्या धरणात उतरवायची तर पाटबंधारे खात्याची परवानगी वेगळी.

पाण्याबद्दल. तापीखोऱ्यातलं बोअरचं पाणी जड असतं, ते बॉयलरमध्ये थेट घालू नका. सॉफ्टनरमधून काढून जडपणा दर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली आणा आणि बॉयलरच्या पाण्याचा सामू १०.५ ते ११ ठेवा. कंडेन्सरला थंड करायला धरणाचंच पाणी चालेल, पण पावसाळ्यात गाळ येतो. समुद्रावरच्या जहाजाची गाळणी इथे पुरणार नाही. दोन गाळण्या शेजारी शेजारी बसवा, म्हणजे एक साफ करताना दुसरी चालू राहील.

जळणाचा हिशोब असा. २० अश्वशक्तीच्या कंपाउंड (एकच वाफ दोन सिलिंडरमध्ये क्रमाने वापरणाऱ्या) इंजिनाला तासाला सुमारे २०० किलो वाफ लागते, म्हणजे चांगला कोळसा साधारण ३० किलो. पऱ्हाटीच्या ब्रिकेट, ज्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात, वापरायच्या तर ४० किलोच्या आसपास धरा. ब्रिकेट स्वस्त आणि जवळ मिळतात, पण ज्योत लांब असते आणि ठिणग्या उडतात. धुराड्यात जाळी हवी. राखेत पोटॅश असल्यामुळे शेगडीवर राख वितळून चिकटते. आच बेताची ठेवा आणि दर तासाला शेगडी हलवा. साखर कारखान्यात बगॅसवर काम केलेल्यांना हे चटकन जमेल. मात्र त्यांची सवय पाणी नळीत असलेल्या बॉयलरची. जुन्या जहाजाचा स्कॉच बॉयलर उलटा: आग नळीत आणि पाणी भोवती, भरपूर. तो झटपट तापवला तर वरचं पाणी उकळतं, तळचं थंडच राहतं, आणि नळ्यांची तोंडं गळू लागतात. थंड स्कॉच बॉयलरला वाफ चढवायला पूर्ण दिवस द्या. उभ्या, लहान लाँच बॉयलरला दीड-दोन तास पुरतात.

पहिल्या चाचणीला नौका धक्क्याला बांधूनच ठेवा. सिलिंडरमधलं पाणी काढणाऱ्या सगळ्या तोट्या (ड्रेन कॉक) उघड्या, वाफ जेमतेम सोडलेली, सिलिंडर हाताला चटका बसेपर्यंत गरम. पाणी निघायचं थांबून कोरडी वाफ येऊ लागली की मगच इंजिनाला अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे. सिलिंडरमध्ये पाणी राहिलं असेल तर ते दबत नाही, झाकण फोडून बाहेर येतं.

आणि बंद करताना ग्रीसवाल्या कारागिरांची शिस्त पाळा. इंजिन गरम असतानाच सिलिंडर ऑइल द्या, चार फेरे फिरवून ते पसरवा, ड्रेन उघडे ठेवा, राख त्याच संध्याकाळी काढा, चिमणीला झाकण घाला. महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर बॉयलर पूर्ण कोरडा करून आत ट्रेमध्ये चुनकळी ठेवा, दर घनमीटरला दोन-तीन किलो, आणि सगळी झाकणं आवळा. चुनकळी महिन्यातून एकदा बघा. तिची भुकटी झाली असेल तर बदला. दर आठवड्याला इंजिन हाताने फिरवा. पूर्ण फेरा देऊ नका, पिस्टन पुन्हा त्याच जागी येऊन थांबेल आणि तिथेच कडी धरेल. सव्वा फेरा द्या, आणि पिस्टन कुठे थांबला ते खडूने फ्लायव्हीलवर लिहून ठेवा.